टॅमरॅक फ्लॅटवरची फुली

आर्लिस स्कॉगनला कुणी विचारलं, बाई तुम्ही काय करता, तर ती सांगते, "दगड वेचते." विचारणाऱ्याला वाटतं म्हातारी चेष्टा करतेय. पण ती चेष्टा नसते. माँटानाच्या डोंगरांत नदीकाठच्या कुरणांवर गवताच्या धावपट्ट्या आहेत, लहान विमानं उतरण्यापुरत्या. दर हिवाळ्यात तिथली जमीन गोठते, फुगते, आणि बर्फ वितळलं की पोटातले दगड वर आणून ठेवते. ते वेळेवर वेचले नाहीत तर कुणाचं तरी चाक मोडतं. आर्लिस ते वेचते आणि दुसऱ्यांनाही वेचायला लावते. ती माणसं कुठून कुठून उडत येतात, स्वतःचं पेट्रोल जाळून, स्वतःची सुट्टी घालवून, आणि दिवसभर वाकून दगड उचलून पाठ धरून हसत घरी जातात.

देशभरच्या हौशी वैमानिकांची एक संघटना आहे. आर्लिस ही तिची माँटानातली कारभारीण. कारभारीण हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण पगार शून्य, ऑफिस म्हणजे तिच्या स्वयंपाकघरातलं टेबल, आणि शिपाई म्हणून तीच. संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्षसुद्धा मेळाव्याला आले की आधी झाडू कुठे आहे ते विचारतात. हौस हा शब्द आपण उगाच स्वस्त करून टाकलाय. हौशी नाटक म्हटलं की पडदा अडकणार, हौशी गायक म्हटला की शेजारी खिडक्या लावून घेणार, असंच आपण धरून चालतो. या लोकांची हौस पाहिली की तो शब्द नीट, जपून वापरावासा वाटतो.

आर्लिसचा जन्म राज्याच्या उत्तरेकडच्या सपाट मुलखातला, गव्हाच्या शेतावरचा. लग्न होऊन ती कूपर्स फेरी या गावी आली आणि आयुष्यभर तिने शाळेची बस चालवली. बर्फ असो, वादळ असो, तिच्या बसमध्ये आरडाओरडा नसे. ती मुलांवर कधी ओरडली नाही. कुणी मस्ती केली की ती बस रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि शांतपणे थर्मासमधली कॉफी ओतून घ्यायची. सगळे गप्प झाले की बस निघायची. तिच्या बसमधून शाळेत गेलेली निम्मी मंडळी आता काउंटीच्या कारभारात आहेत, आणि आर्लिसने एखाद्या बैठकीत थर्मासचं झाकण फिरवलं की अजून त्यांचे आवाज खाली येतात.

विमान ती चाळिशी उलटल्यावर शिकली. धाकटी मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं आणि एके दिवशी तिने नवऱ्याला, हार्लनला, जेवताना सांगितलं की मी विमान शिकायचं म्हणते. हार्लन म्हणाला, "एवढी वर्षं बस चालवून पोट नाही भरलं वाटतं?" पण पहिल्या धड्याला विमानतळावर तोच तिला सोडून आला, आणि तिचं विमान उतरेपर्यंत गाडीतून खाली उतरला नाही, कारण वर बघायची हिंमत होत नव्हती. हे त्याने तिला मरायच्या आदल्या वर्षी सांगितलं.

डोंगरातली तिची पहिली धावपट्टी टॅमरॅक फ्लॅट. दोन बाजूंना लार्चची उंच झाडं, मध्ये नदीला समांतर गवताचा एक लांबट पट्टा, खालच्या टोकाला पाण्याचा पंप आणि स्वयंपाकाची शेड. विमान थांबलं, इंजिन बंद केलं, आणि कानात एकदम नदी शिरली. आर्लिस खाली उतरली, गवतात बसली आणि रडली. दुःखाने नव्हे. इतकी वर्षं जे डोंगर बसच्या काचेतून पाहिले त्यांच्या पोटात आपण आपल्या हाताने येऊन पोचलो, याचं तिला रडू आलं. त्या दिवसापासून टॅमरॅक फ्लॅट तिचं झालं. तसं ते सरकारी जंगल आहे, सगळ्या देशाचं. तरी तिचं.

ती कारभारात कशी पडली त्याचीही गोष्ट आहे. पलीकडच्या खोऱ्यातली एक धावपट्टी जंगल खात्याने ओंडके आडवे टाकून बंद केली. आर्लिस तावातावाने तिथल्या कचेरीत गेली. टेबलामागचा माणूस बिचारा गोंधळून म्हणाला, "बाई, कुणी कधी विचारायलाच आलं नाही. आम्हाला वाटलं कुणी वापरत नाही." भांडायला गेलेल्या बाईला भांडण मिळालं नाही, पण ते वाक्य मात्र कायमचं मनाला लागून राहिलं. तेव्हापासून ती विचारायला जाते. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याकडे जाते, स्वतःच्या हातचा ऱ्हुबार्बचा पाय, म्हणजे आंबटगोड सारण भरून भाजलेला तिकडचा गोड पदार्थ, घेऊन, आणि म्हणते, एकदा येऊन बघा. वाद घालत नाही. जमीन साफ ठेवते, संडास रंगवते, कुंपण दुरुस्त करते, आणि पुन्हा म्हणते, येऊन बघा.

हे सगळ्यांनाच पटतं असं नाही. डेल्बर्ट क्रोनिनला तर मुळीच पटत नाही. डेल्बर्ट शेतीची अवजारं सांधणारा वेल्डर, अंगाने आडवा, बोलायला त्याहून आडवा. आखूड जागेत विमान उतरवण्यात राज्यात त्याच्या तोडीचा माणूस नाही, आणि ही माहिती आपल्याला बहुधा त्याच्याकडूनच मिळते. एका काउंटीने एक जुनी धावपट्टी बंद करून तिच्यावर पांढरी फुली घातली, तेव्हा हा गडी बरोब्बर फुलीच्या मधोमध उतरला, डबा उघडून सँडविच खाल्लं आणि उडून गेला. वैमानिकांत जमिनीवरची फुली म्हणजे शेवटचा शब्द. फुली दिसली की उतरायचं नाही, कारण मागाहून विचारायचं. डेल्बर्टने ती मोडली आणि वर फुशारकी मारत फिरला.

गेल्या हिवाळ्यात गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बैठक झाली तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "आपण उडायला जमलो की सरकारची हुजरेगिरी करायला? आर्लिस, तू पाय नेऊन देतेस आणि ते खाऊन झाल्यावर फुली मारतात."

"तुझ्या सँडविचनंतर किती धावपट्ट्या उघडल्या, डेल्बर्ट?" आर्लिसने विचारलं. हशा पिकला. डेल्बर्ट बसला खरा, पण पुढचा तासभर धुसफुसत होता.

ती बैठक तापली होती त्याला कारण होतं. त्या भागाला जंगल खात्याची नवी रेंजर आली होती, मरीसा ओल्डहॉर्न. क्रो या मूळनिवासी जमातीतली, चाळिशीच्या आतली, मोजकं बोलणारी. टॅमरॅक फ्लॅटची धावपट्टी कायमची बंद करून तिचं पुन्हा साधं कुरण करावं, असा तिचा विचार होता, आणि निर्णय तिच्याच हातात होता. आर्लिस ऱ्हुबार्बचा पाय घेऊन गेली. ओल्डहॉर्नने एक तुकडा खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, आणि मग मुद्द्यावर आली.

"मिसेस स्कॉगन, तुमच्याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही काही तिथे रोज नसता. आजवर जिथे काम केलं तिथल्या तंबूंच्या तळांवर मी फाटक लावते, कुलूप घालते, पाटी लावते. दर उन्हाळ्यात कुलूप तोडलेलं सापडतं. तुमच्या लोकांना तिथे कोण आवरणार? तुमच्या संघटनेला दंड करता येतो का?"

"नाही."

"परवाना काढून घेता येतो?"

"नाही."

"मग ते तुमचं ऐकतील कशावरून?"

आर्लिस एवढंच म्हणाली, "येऊन बघा." ओल्डहॉर्न म्हणाली की निर्णय द्यायच्या आधी तिला एकच शनिवार मोकळा आहे, जूनच्या मध्यावरचा.

इथे आर्लिस चुकली. टॅमरॅक फ्लॅटचा मेळावा कायम जुलैत होतो. जुनेजाणते तसंच ठरवून गेले होते आणि कारण न विचारता सगळे ते पाळत होते. पण विमानं एकामागून एक खोऱ्यात उतरताहेत, गवतावर ओळीने उभी राहताहेत, माणसं दगड वेचताहेत, असं ओल्डहॉर्नला दाखवलं तरच काही आशा होती. आर्लिसने मेळावा अलीकडे ओढला. मर्ल डोस्टाल, तिच्याबरोबर कायम राबणारा निवृत्त मेकॅनिक, तेवढा म्हणाला, "बर्फ यंदा उशिरा गेलंय, आर्लिस." ती म्हणाली, "जमीन कोरडी आहे, मी बघून आले." जमीन कोरडीच होती. ती जमिनीचाच विचार करत होती.

आदल्या दिवशी ती आणि मर्ल सामान घेऊन पिकअपने खोऱ्यात आले. पॅनकेकचा मोठा तवा, पीठ, मेपलचा पाक, टेबलांवर घालायला मर्लच्या बायकोने दिलेल्या पांढऱ्या चादरी. शनिवारी सकाळी उजाडताच आर्लिस कॉफीचा मग घेऊन धावपट्टी चालायला निघाली. कुणीही उतरायच्या आधी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालून बघायची, हा इथला रिवाज आहे. वरच्या टोकाशी ती पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली.

गवतात एल्कचं पाडस होतं. नुकतं जन्मलेलं, तपकिरी, पाठीवर पांढरे ठिपके. मान जमिनीला लावून, कान पाडून पसरलेलं. डोळे उघडे होते पण ते पापणीही हलवत नव्हतं. एल्क हरीण घोड्याएवढं होतं, पण पाडसाला पहिले काही दिवस पळता येत नाही. आई त्याला गवतात दडवते आणि लांब उभी राहते, आणि पिल्लू कितीही धोका आला तरी हलत नाही. विमान अंगावर आलं तरी ते हललं नसतं. आर्लिसने मान वर केली. झाडांच्या कडेला चार-पाच माद्या तिच्याकडे बघत उभ्या होत्या.

ती आली तशी मागे फिरली, आपल्याच पावलांवर पाय ठेवत. मर्ल तवा पुसत होता. तिने सांगितलं तसा त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"एकच आहे ना? हातमोजे घालतो आणि उचलून झाडांत ठेवतो. काय दहा मिनिटांचं काम आहे."

"दिसलेलं एक आहे. माद्या चार-पाच आहेत. बाकीची कुठे पडलीत ते सांग मला."

मर्लने कुरणाकडे पाहिलं. गवत गुडघ्याला लागत होतं. त्यात काय काय दडलं असेल ते कुणालाच सांगता आलं नसतं, आणि शोधायला शिरावं तर माद्या बिथरून पिल्लांना सोडून जायच्या.

"आर्लिस," तो हळू आवाजात म्हणाला, "माणसं निघाली असतील. फोन इथे लागत नाही. आणि आज विमानं उतरली नाहीत तर ती बाई येऊन काय बघणार? रिकामं कुरण? तेच तर तिला हवंय."

"माहीत आहे मला."

"एवढ्या वर्षांचं..."

"मर्ल, मला माहीत आहे."

तिने थर्मासचं झाकण फिरवलं, कॉफी ओतली, आणि ती न पिताच खाली ठेवली. आपणच तारीख ओढली, आपणच या पिल्लांच्या अंगावर विमानं बोलावली, हे तिला सुरीसारखं टोचत होतं. मेळावा जुलैतच का, पिल्लं उठल्यावरच का, ते तिला आत्ता कळलं. मग ती उठली आणि म्हणाली, "चादरी आण."

धावपट्टीवर फुली घालायची वेळ तिच्यावर कधीच आली नव्हती. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी घातलेल्या फुल्या उचलायला लावण्यात गेलं होतं. खालच्या टोकाशी, जिथलं गवत त्यांनीच तुडवलेलं होतं आणि जिथे पिल्लू नाही याची खात्री होती, तिथे दोघांनी चादरी जोडून पसरल्या. वारा त्या उचलायला लागला. कडेला, झाडाखाली, आजवर वेचलेल्या दगडांचा ढीग होता. तो सगळा त्यांच्या लोकांच्या हातचा. दोघे म्हातारे ते दगड पोटाशी धरून पट्टीवर परत आणू लागले आणि चादरींच्या कडांवर ठेवू लागले. मर्ल म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. आयुष्यभर टोमणे मारतील." आर्लिसला त्या अवस्थेतही हसू आलं.

पहिला आवाज खिंडीकडून आला. आयडाहोहून निघालेलं एक जोडपं, निळ्या पट्ट्याचं विमान. ते खोऱ्यात शिरलं, पट्टीच्या रेषेत आलं, खाली उतरू लागलं. आर्लिसने हातातल्या रेडिओचं बटण दाबायला अंगठा नेला, तेवढ्यात विमानाने नाक वर केलं. फुली दिसली होती. ते एकदा झाडांच्या लांबून वळलं, पंख डावीउजवीकडे हलवून सलाम केला आणि खिंडीकडे परत गेलं. का, काय, एक शब्द नाही. आर्लिस मागून रेडिओवर म्हणाली, "पट्टीवर एल्कची पिल्लं आहेत. कूपर्स फेरीला उतरा. नाश्ता राहिला, माफ करा." बाईचा आवाज आला, "पिल्लांना सांग, आम्ही भुकेले आहोत." आणि ते दिसेनासे झाले.

मग दुसरं आलं, तिसरं आलं. एक म्हातारा वायोमिंगहून इतक्या पहाटे निघाला होता की त्याला परतायला दोनदा इंधन घ्यावं लागणार होतं. तोही वळला. कुणी हुज्जत घातली नाही. प्रत्येकाने पंख हलवले. आर्लिस मान वर करून उभी होती. आज सगळं गेलं हे तिला दिसत होतं, आणि त्याच वेळी या माणसांचा तिला इतका अभिमान वाटत होता की तो कुणाला तरी धरून सांगावासा वाटत होता. सांगायला फक्त मर्ल होता, आणि मर्ल टोपीने डोळे पुसत होता.

"धुळीनं," तो म्हणाला.

"हो, फार धूळ आहे," ओल्या गवतात उभी असलेली आर्लिस म्हणाली.

ओल्डहॉर्नची हिरवी पिकअप आली तेव्हा पाचवं की सहावं विमान वळत होतं. ती उतरली, वर पाहिलं, मग फुलीकडे पाहिलं.

"मी तर अजून काही निर्णय दिला नाही," ती म्हणाली. "ही कुणी घातली?"

"मी." आर्लिसने झाडांच्या कडेच्या माद्या दाखवल्या आणि काय झालं ते सांगितलं. तारीख आपणच ओढली हेही सांगितलं. "तुम्हाला दाखवायला आज माझ्याकडे काही नाही. पॅनकेक आहेत."

ओल्डहॉर्नने दुर्बीण काढली आणि कुरण न्याहाळू लागली. तेवढ्यात खिंडीकडून एक जाड, खरखरीत आवाज आला. तो आवाज त्या खोऱ्यात सगळे ओळखत. डेल्बर्टचं लाल विमान.

डेल्बर्ट पंख न हलवता पट्टीवरून लांबून एक फेरी मारून गेला. मग रेडिओ खरखरला. "आर्लिस, ही फुली कुणाची?"

"माझी."

"तुझी? का?"

"वरच्या टोकाला एल्कचं पाडस आहे."

"वरच्या टोकाला ना? मला वरचं टोक लागतंय कशाला? मी खालच्या तिसऱ्या हिश्श्यात उतरून थांबतो. तुला माहीत आहे मी थांबतो."

ओल्डहॉर्नने दुर्बीण खाली केली आणि ती आर्लिसच्या हातातल्या रेडिओकडे बघू लागली. कचेरीत विचारलेला प्रश्न आता डोक्यावर घिरट्या घालत होता. आर्लिसकडे ना शिक्का होता, ना दंड, ना कुलूप. डेल्बर्ट खरंच उतरू शकत होता. आणि तो उतरला असता तर सकाळपासून वळून गेलेल्या सगळ्यांचं वळणं फुकट गेलं असतं. मर्लने डोळे मिटून घेतले.

"डेल्बर्ट," आर्लिस म्हणाली, "तू थांबू शकतोस हे मला माहीत आहे. तुझ्यामागून येणाऱ्याला ते माहीत नाही. तो वरून बघेल की फुली आहे आणि पलीकडे डेल्बर्टचं विमान उभं आहे. मग त्या फुलीला काय अर्थ राहिला? तूच सांग."

लाल विमान दूरवर वळलं, पुन्हा पट्टीच्या रेषेत आलं, आणि खाली येऊ लागलं. बसमध्ये जशी गप्प बसायची तशी आर्लिस गप्प उभी राहिली. विमान झाडांच्या शेंड्यांपर्यंत आलं. मग इंजिन गरजलं, नाक वर उठलं, आणि डेल्बर्ट क्रोनिन त्यांच्या डोक्यावरून निघून गेला. जाताना त्याने पंख हलवले, इतके जोरात की मर्ल म्हणाला, "तोडतोय की काय."

आवाज विरल्यावर बऱ्याच वेळाने एक मादी झाडांतून बाहेर आली. दबकत, थांबत, ती वरच्या टोकाशी गेली आणि पाडस उठून लटपटत तिच्या पोटाखाली शिरलं. मग दुसरी मादी निघाली. ती वर गेली नाही. ती खाली आली, पंपाच्या जरा पुढे थांबली, आणि तिच्या पायांशी गवतातून आणखी एक ठिपक्यांची पाठ उभी राहिली. बरोब्बर तिथे, जिथे डेल्बर्ट उतरून थांबणार होता.

ओल्डहॉर्नने दुर्बीण आर्लिसच्या हातात दिली.

दुपार व्हायच्या आत खोऱ्याच्या रस्त्यावर धुरळा उठला. कूपर्स फेरीला उतरलेल्या मंडळींनी विमानतळावरून, पेट्रोल पंपावरून, कुणाच्या तरी मेव्हण्याकडून पिकअप मागून आणल्या होत्या आणि पाठीमागे दाटीवाटीने बसून, दात खिळखिळे करणाऱ्या रस्त्याने ती सगळी नाश्त्याला आली होती. पट्टीवर जायचं नाही म्हणताच कुणी कुंपणाला भिडलं, कुणी शेडच्या छपरावर चढलं. पॅनकेक थंड झाले होते, तरी तवा रिकामा झाला. डेल्बर्ट पिकअपमधून सगळ्यात शेवटी उतरला आणि कुणाशी न बोलता ताटली घेऊन ओंडक्यावर जाऊन बसला. दुसऱ्या पाडसाची हकिगत मर्लने त्याला सांगितली. डेल्बर्टने घास तोंडाशी नेला होता, तो तसाच ताटलीत परत ठेवला.

जेवणं होत आली तेव्हा ओल्डहॉर्न उभी राहिली. "मी भाषण करत नाही," ती म्हणाली. "बंद करायचं ठरवूनच मी आले होते. माझी लोखंडी कुलपं लोक तोडतात. तुमच्या बाईने गवतात चादरी टाकल्या आणि तुम्ही एवढ्या लांबून येऊन परत फिरलात. पट्टी राहील. दर वर्षी पिल्लं उठेपर्यंत बंद राहील, मग उघडेल. पण इथे बसवायला माझ्याकडे माणूस नाही. कधी बंद आणि कधी उघडी, ते इथे येऊन, बघून तुमच्यातल्याच कुणीतरी ठरवायचं. तो म्हणेल ते मला मान्य. माणसाचं नाव सांगा."

टाळ्या वाजवाव्या की नाही कुणाला कळेना, कारण पिल्लं जवळ होती. माणसांनी हळूच एकमेकांच्या पाठीवर हात ठेवले. आर्लिस बाकावर बसून राहिली होती. सगळे तिच्याकडे बघत होते, ती आपलंच नाव सांगणार म्हणून.

"डेल्बर्ट," ती म्हणाली.

डेल्बर्टने मान वर केली. "मी? अख्ख्या राज्यात तुला मीच सापडलो?"

"मी आणखी किती वर्षं दगड वेचणार? आणि फुली दिसत असताना उतरावंसं वाटणं म्हणजे काय, ते इथे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"चोराच्या हातात तिजोरीची किल्ली देतेयस," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. डेल्बर्ट हसला नाही. ओल्डहॉर्नने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग आर्लिसकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

डेल्बर्टने ताटलीतला पाक काट्याने रेघाटला. मग खाकरून म्हणाला, "ती फुली वरून धड दिसत नाही. एक तंगडी आखूड आहे. मला वाटलं कुणी धुणं वाळत घातलंय. मी चांगल्या जाड ताडपत्रीची करून आणतो. तिचे हात किती लांब लागतात?"

कुणालाच सांगता येईना. ओल्डहॉर्नने आर्लिसकडे पाहिलं, आर्लिसने मर्लकडे. फुल्या उचलायला लावण्यात हयात गेलेली ती सगळी माणसं, फुली किती लांब असते ते एकालाही माहीत नव्हतं.

"थांबा, मी जाऊन मापून येतो," म्हणत डेल्बर्ट उठला आणि पट्टीकडे निघाला.

"आत्ता नाही, डेल्बर्ट," आर्लिस म्हणाली. "पिल्लं आहेत."

आणि डेल्बर्ट क्रोनिन मुकाट्याने परत येऊन ओंडक्यावर बसला.